कुंड्या, उच्छ्वास आणि आडवे बोअर

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोऱ्यात पूर्णा. चारशे वर्षांपूर्वी या मुलखाच्या दोन अंगांना, एकाच दशकात, जमिनीच्या पोटातून पाणी नेण्याची दोन मोठी कामे झाली. जळगाव जामोदच्या डोंगरापलीकडे बुऱ्हाणपुरात १६१५ साली कुंडी भंडारा बांधला गेला. नैऋत्येला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने नहर-ए-अंबरी खोदवली. खडकी त्यानेच १६१० मध्ये वसवलेली. नव्या शहराला पाणी हवे होते आणि ते त्याने हर्सूलच्या बाजूच्या चढावरून भूमिगत वाटेने आणले.

ही दोन्ही कामे करवून घेणारे एकमेकांचे वैरी होते. बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनच्या मोहिमांचे ठाणे आणि तिथला सुभेदार अब्दुल रहीम खानखानान. मलिक अंबर निजामशाहीचा वजीर. १६१६ मध्ये खानखानानचा मुलगा शाहनवाज खान बाळापूरकडून चालून आला, रोशनगावजवळ त्याने मलिक अंबरला हरवले आणि पुढे खडकीची नासधूस केली. सिंदखेडचे लखुजी जाधव तोवर मोगलांच्या बाजूला गेले होते. वऱ्हाडातून घाट चढून दख्खनेत शिरणाऱ्या फौजांची वाट याच जिल्ह्यातली. रोहिणखेडने त्याआधी १५९१ मध्येही एक मोठी लढाई पाहिलेली होती. फौजा आल्या आणि गेल्या, राज्ये बुडाली. जमिनीखालचे पाणी मात्र पुढची कित्येक शतके वाहत राहिले, कारण ज्यांनी ती वाट आखली त्यांना वर दिसणाऱ्या जमिनीइतकीच खालची जमीनही कळत होती.

कुंडी भंडाऱ्याची कल्पना इराणी होती. तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाचे नाव या कामाशी जोडले जाते. सातपुड्यातून तापीकडे झिरपत जाणारे पाणी मध्येच अडवायचे, जमिनीखालच्या बोगद्यात घ्यायचे आणि अगदी बेताच्या उताराने शहरापर्यंत आणायचे, एवढेच ते तंत्र. पंप नाही, रहाट नाही. पण हा बोगदा एका दमात खोदता येत नाही. आधी ओळीने उभ्या विहिरी खणाव्या लागतात आणि त्यांच्या तळातून एकीकडून दुसरीकडे आडवे खोदत जावे लागते. कुंडी भंडाऱ्यात अशा शंभरावर कुंड्या आहेत. जिथे आता पाहणाऱ्यांना खाली उतरता येते ती कुंडी ऐंशी फुटांच्या आसपास खोल आहे.

आडवे खोदणाऱ्याला चार गोष्टी नडतात : दिशा चुकते, उतार बिघडतो, हवा कोंडते, छत ढासळते. कुंडी या चौघींवरचा एकच उपाय होता. वरून दोन ओळंबे सोडले की त्यांच्या रेषेत तळातला माणूस सरळ खोदत जातो. इराणातले खोदकरी बोगद्यात दोन दिवे टांगून मागे वळून पाहत आणि एक दिवा दुसऱ्याच्या आड गेला की दिशा बरोबर असे मानत. माती कुंडीतूनच वर काढायची, श्वासही तिच्यातूनच घ्यायचा. पुढे दुरुस्तीसाठी उतरायचे तेही तिथूनच. अल्-कराजी या गणितज्ञाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला दडलेले पाणी वर आणण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि पातळी मोजायच्या साधनांवर त्यात बराच भर दिला. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडते, कमी झाला तर गाळ बसतो. बुऱ्हाणपूरचे बांधकाम त्या परंपरेतले आहे.

एका गोष्टीवर मात्र त्या कारागिरांचा इलाज नव्हता. सातपुड्याच्या या पाण्यात चुना विरघळलेला असतो. तो भिंतींवर थराथराने बसत जातो आणि वाट अरुंद करतो. आज कुंडी भंडाऱ्यात उतरले की दोन्ही बाजूंना हे पांढरे थर दिसतात. साफसफाई थांबली की नहर आतून बुजू लागते, बाहेरून कुणाला धक्का लावावा लागत नाही. २०२४ मध्ये हे काम युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले, तेव्हा त्याच्या देखभालीकडेही लक्ष जावे अशी आशा धरायला हरकत नाही.

कुंडी भंडाऱ्यानंतरच्या शतकात तंत्र बदलले. संभाजीनगरच्या पाणचक्कीला पाणी आणणारी नहर अठराव्या शतकातली. तिच्यात खापराचे नळ चुन्याच्या बांधकामात बसवलेले आहेत आणि वाटेत ठिकठिकाणी चिरेबंदी मनोरे आहेत. पाणी मनोऱ्यात एका बाजूने चढते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. मधल्या उघड्या तोंडातून हवा निघून जाते, दाब मोडतो, गाळ तळाशी बसतो. नळात अडकलेली हवा पाण्याला रोखून धरते, हे आजही नवी पाणीयोजना सुरू करताना प्रत्येक अभियंत्याला आठवावे लागते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजहून शहरात पाणी आणायला सुरुवात केली. तो नळ म्हणजे माणूस आत शिरून साफ करू शकेल असे दगड-विटांचे भुयारच. त्यावरच्या उभ्या तोंडांना उच्छ्वास म्हणतात.

कुंडी, मनोरा, उच्छ्वास. तिन्हींचे काम पाण्यासाठी होते, पण त्यांचे आणखी एक काम सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ती जमिनीवरची खूण होती. शेत नांगरणाऱ्याला, घर बांधणाऱ्याला, विहीर खणणाऱ्याला खालून काय जाते ते वरून कळत होते. खुणा होत्या तोवर नहरी टिकल्या. संभाजीनगर वाढले, रस्ते आणि इमारती नहरींच्या वाटेवर आल्या, मनोरे पडले, तोंडे बुजली, आणि मग खालचे नळ कुठून जातात हे कुणालाच सांगता येईना. ते फुटले ते प्रामुख्याने त्यानंतर. पुण्यात २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटला जुने पाण्याचे भुयार अचानक लागले आणि ते नेमके कोणत्या काळातले यावर अभ्यासकांत वाद झाला. पुण्यासारख्या शहरालाही आपल्याच पायाखालच्या भुयाराची ओळख राहिली नव्हती.

बुलढाणा जिल्ह्यात अशा नहरी झाल्याचे दिसत नाही. इथले जुने जलकाम वर दिसणारे आहे : सिंदखेड राजाचे मोती तलाव आणि चांदणी तलाव, पुतळा बारव, लोणारच्या विवराच्या काठावरची अखंड धार. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. जलंब ते खामगाव ही फाट्याची लाइन १८७० मध्ये कापसासाठी सुरू झाली. भराव, मोऱ्या, पूल आले आणि रस्ता किंवा रूळ न उखडता खालून नळ कसा न्यायचा हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. बराच काळ उत्तर एकच होते : चर खणा, नळ टाका, माती लोटा. जिथे खणता येत नाही तिथे लोखंडी नळकांडे एका बाजूने रेटत दुसऱ्या बाजूला काढा.

जमिनीत आडवे शिरण्याची विद्या जिल्ह्याने दुसरीकडे शिकून घेतली, ती विहिरीत. विहिरीला पाणी कमी पडले की लहान यंत्र तळाशी उतरवायचे आणि ज्या थरातून ओल दिसते त्या थरात चहूबाजूंना आडवे बोअर मारायचे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत ‘इनवेल बोअरिंग’साठी वेगळे अनुदान आहे. या बोअरला लगाम नसतो. रॉड जसा शिरेल तसा शिरतो, मऊ थर लागला की खाली झुकतो, कठीण कातळ लागला की घसरून वर जातो. पाणीच शोधायचे असेल तर तेवढे चालते. रस्त्यापलीकडे ठरलेल्या खड्ड्यात नळ निघायला हवा असेल तर चालत नाही.

तो लगाम अमेरिकेत सापडला. मार्टिन चेरिंग्टन हा कॅलिफोर्नियातला कंत्राटदार. तेलविहिरी खोदणाऱ्यांना बोअर वळवण्याची युक्ती ठाऊक होती, रस्त्याखालून बोअर मारणाऱ्यांना आडवे जाणे ठाऊक होते. त्याने दोन्ही एकत्र केले आणि १९७१ मध्ये वॉटसनव्हिलजवळ पाहारो नदीच्या तळाखालून गॅसची चार इंची नळी ओढून नेली. याच रीतीला आज सगळे एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग) म्हणतात. महामार्गाच्या कडेला पिवळे, तिरके, रॉडची चळत पाठीवर घेतलेले जे मशीन उभे दिसते, ते हेच.

काम तीन टप्प्यांत होते. आधी बारीक पायलट बोअर. त्याच्या टोकाची पाती एका बाजूने तिरपी असते. रॉड फिरवत रेटला तर बोअर सरळ जाते, फिरवणे थांबवून नुसता रेटला तर पातीच्या तिरपेपणाकडे वळते. मग रीमर लावून भोक मोठे करायचे, साधारणपणे नळाच्या दीडपट. शेवटी त्याच वाटेने नळ मागे ओढून घ्यायचा, मध्ये भिंगरी लावून, म्हणजे रॉड फिरला तरी नळाला पीळ बसत नाही. या सगळ्यात भोक उघडे ठेवणारी गोष्ट म्हणजे बेंटोनाइटचा काला. कच्छमधून येणारी ही माती पाण्यात फुगते, भोकाच्या भिंतींना लेप देते, भुगा वाहून बाहेर आणते आणि रॉडला वंगण पुरवते.

पायलट चालू असताना मशीनपेक्षा वर चालणाऱ्या माणसाकडे पाहावे. हातात लोकेटर, ठरलेल्या आखणीवर एकेक पाऊल. पातीमागे बसवलेले छोटे प्रेषक यंत्र खालून लहरी सोडते आणि वरच्या पडद्यावर खोली, उतार आणि पातीचे तोंड घड्याळाच्या काट्यासारखे दिसते. ‘बारा वाजता ठेव’ म्हटले की मशीनवाला पाती वर वळवतो, ‘सहा’ म्हटले की खाली. दर रॉडला लोकेटरवाला खोली ओरडून सांगतो आणि ती कोणीतरी वहीत लिहून घ्यायची असते. रेल्वे रुळाजवळ किंवा सळ्या टाकलेल्या सिमेंट रस्त्याखाली हे आकडे भरकटतात. उच्चदाबाच्या तारांखालीही तेच. अनुभवी माणूस अशा जागी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून मधला अंदाज बांधतो, पुन्हा मागे येऊन पाहतो, घाई करत नाही. दुसरी नजर तोंडाशी असलेल्या खड्ड्यावर हवी. काला एकसारखा परत येत असेल तर भोक मोकळे आहे. परत येणे मंदावले आणि दाब चढला, तर काला कुठेतरी दुसरीकडे वाट काढतो आहे. तो नाल्यात उगवेल, शेतात उगवेल, नाहीतर रस्ता फुगवेल.

बुलढाण्याची जमीन या यंत्राची तीन प्रकारे परीक्षा घेते.

चिखली, मेहकर, बुलढाण्याचे पठार म्हणजे दख्खनचा काळा कातळ, लाव्हाच्या थरांवर थर. सलग कठीण कातळ, मग बुडबुड्यांनी भरलेला मऊ खडक, मधेच तांबड्या मातीचा पातळ थर, वर मुरूम. कातळ कठीण आहे म्हणून अडचण येते असे पुष्कळांना वाटते. खरी अडचण थर बदलताना येते. मऊतून कठीणात शिरताना पाती थराच्या तोंडावर घसरते आणि सांगितलेल्या बाजूला वळत नाही. तांबडी माती पाणी लागताच ढासळते आणि रॉड धरून ठेवते. म्हणून आखणी कागदावर पक्की करण्याआधी दोन-चार ठिकाणी उभे बोअर घेऊन थर पाहावे लागतात. हा खर्च वाचवणारा पुढे रॉड गमावतो.

घाटाखाली उतरले की काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, वैशाखात तिला हात-दीड हात खोल भेगा पडतात. उथळ बोअर या भेगांच्या जवळून गेले तर काला भेगेत शिरतो आणि चार वावरे पलीकडे निघतो. इथे खोली हाच इलाज. आणि सातपुड्यातून पूर्णेकडे धावणाऱ्या नद्यांच्या पात्रात गोटे. गोट्यांत भोक टिकत नाही. तरी नदीखालून खोल जाण्यावाचून इलाज नसतो. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस झाला, त्याने लहान नद्याही पात्र सोडून धावल्या. अशा पुरात तळ खरवडला जातो आणि चरात उथळ टाकलेला नळ उघडा पडतो.

तिसरी परीक्षा खारपाणपट्ट्याची, आणि तीच सर्वांत गंभीर. पूर्णेच्या काठचा हा गाळाचा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा तालुक्यांतली कित्येक गावे त्यात येतात. जमीन मऊ, बोअर सहज जाते. पण पाणी खारे. ते टँकरमध्ये भरून त्यात बेंटोनाइट कालवले तर ते नीट फुगत नाही, तळाशी बसते आणि भोक मिटते. पाण्यात चुना असेल तर सोडा अ‍ॅश घालून सुधारता येते, मिठावर मात्र गोड पाण्याशिवाय उपाय नाही. काम सुरू करण्याआधी पाणी तपासणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता अडकलेला नळ सोडवायला दिवस जातात.

या पट्ट्यात नळ फुटणे ही साधी गैरसोय नाही. इथल्या माणसांनी वर्षानुवर्षे खारे पाणी प्यायले आहे. मूत्रपिंडाच्या आजारांनी घरेच्या घरे पोळली आहेत. वान धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांसाठी आखलेली पाणीयोजना म्हणजे त्या गावांच्या तब्येतीचा प्रश्न होता. अशा योजनेच्या नळाला कोणी केबल टाकताना धक्का लावला, तर माणसे पुन्हा हातपंपाकडे वळतात. रस्त्याच्या कडेचा तो तीन-चार फुटांचा पट्टा कुणा एका खात्याचा नाही आणि म्हणूनच तिथे सगळेच बेफिकीरपणे घुसतात.

गर्दी वाढतच आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे नळ, गावोगावच्या ऑप्टिकल फायबर केबली, विजेच्या भूमिगत वाहिन्या. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो आणि त्याच्या कडेच्या पट्ट्यातून मुंबई-नागपूर गॅसवाहिनीही. पाण्याचा नळ फुटला तर चिखल होतो, गॅसचा फुटला तर काय होते ते सांगायला नको.

मोठ्या शहरांनी याची किंमत मोजलेली आहे. ठाण्यात एका बांधकामासाठी बोअरवेल मारताना मुंबई महापालिकेच्या भूमिगत जलबोगद्याला भोक पडले. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत तीस दिवस १५ टक्के पाणीकपात करावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची मुख्य वाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरे काही दिवस तहानली. दोन्ही वाहिन्या कुठे आहेत हे महापालिकेला माहीत होते. ड्रिल धरणाऱ्यापर्यंत ती माहिती पोचली नाही, किंवा पोचली तरी तिने त्याचा हात थांबवला नाही.

सरकारने २०२३ च्या जानेवारीत खोदकामाची आगाऊ सूचना देणे बंधनकारक करणारे नियम काढले आणि २२ मार्चला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्यांनी उत्तर द्यायचे. चांगली सोय आहे. पण ती त्यात भरलेल्या माहितीइतकीच चांगली आणि आपल्याकडे नकाशे बहुधा ठरवले तसे असतात, टाकले तसे नसतात. गोटा लागला म्हणून मशीनवाल्याने बोअर चार फूट डावीकडे घेतले, तर ते चार फूट कागदावर उतरतात का? नाही उतरले तर दहा वर्षांनी येणारा दुसरा मशीनवाला जुन्या नकाशावर भरवसा ठेवून थेट नळात घुसतो. म्हणून जाणते लोक नकाशा पाहूनही थांबत नाहीत. जिथे दुसरी वाहिनी ओलांडायची आहे तिथे हाताने चाचणी खड्डा खणतात, तिला डोळ्यांनी पाहतात आणि रीमर तिच्याखालून किती अंतरावरून जातो तेही त्या खड्ड्यात उभे राहून पाहतात.

बुऱ्हाणपूरच्या कारागिराने शंभर कुंड्या खणल्या तेव्हा खूण आपोआप राहिली, ती वेगळी करावी लागली नाही. एचडीडीत वर काहीच उरत नाही. हाच तिचा गुण : रस्ता उखडत नाही, पीक मोडत नाही. आणि हाच धोकाही. त्यामुळे इथे खूण मुद्दाम करावी लागते. लोकेटरवाल्याची ती वही, म्हणजे दर रॉडची खोली, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, कुठे वळवले, कुठे काला फुटला, ही आज बहुतेक ठिकाणी बिल निघाले की रद्दीत जाते. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक अ‍ॅपमध्ये जायला हवी, आणि ती जमा झाल्याशिवाय अंतिम बिल निघू नये.

विदर्भात आता याहून मोठे काम येऊ घातले आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दपासून मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडमार्ग, बहुतांश उघडा कालवा, काही ठिकाणी बोगदा, काही ठिकाणी नळ. वाटेत तो रेल्वे, महामार्ग आणि गावोगावच्या शेकडो लहान वाहिन्या ओलांडणार आहे. त्यातल्या किती वाहिन्यांची खोली आज कुणाच्या वहीत लिहिलेली आहे, ती विचारपूस मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याच्या ग्रामपंचायतींनी मोजणीची माणसे दारात येण्याआधीच सुरू करावी.